म्यानाचं माप सुरीलाच विचारा

कोल्हापुरात चपला शिवणाऱ्या एका कारागीर काकांकडे मी पहिल्यांदा म्यान करून घ्यायला गेलो, तेव्हा हातात फक्त कागद होता. पात्याची लांबी, रुंदी, मुठीची जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये लिहून नेलं होतं. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "सुरी कुठाय?" सुरी पुण्यात, घरी. "मग तिला घेऊन या की. पाय घरी ठेवून कुणी चप्पल मागतंय का?"

पुढच्या खेपेला सुरी नेली. त्यांनी ती चामड्यावर ठेवली, भोवती पेन्सिल फिरवली, मग पाठीवर कलती करून दुसऱ्या कुशीवर निजवली आणि पुन्हा पेन्सिल फिरवली. पट्टीला हात लावला नाही. त्या दहा मिनिटांत मला जे दिसलं, त्यावर माझा आजवरचा संग्रह उभा आहे. सुऱ्या जमवणं आणि त्यांची म्यानं शिवणं हे दोन वेगळे छंद नाहीत. पात्याची पाठ कुठे जाड आहे, टोक किती खाली उतरतं, मूठ कुठे फुगते, हे म्यान करताना बोटांना कळतं; नुसतं कपाटात ठेवून कळत नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच अट घालतो: आधीच्या सुरीचं म्यान पुरं झाल्याशिवाय पुढची सुरी घ्यायची नाही. पैसा वाचतो, आणि घरात नुसता ढीग साचत नाही.

हा लेख न मिटणाऱ्या सुऱ्यांबद्दल आहे. रामपुरी चाकू मिटतो, त्याचं म्यान म्हणजे त्याची स्वतःचीच मूठ. तो वेगळा विषय. न मिटणारं पातं मात्र बाळगायचं तर त्याची काहीतरी सोय लावावीच लागते, आणि ती प्रत्येक मुलखाने आपापल्या कामाप्रमाणे लावली आहे. कोकणात माडावर चढणारा माणूस कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवतो, कारण दोन्ही हात झाडाला हवेत. कोडगूच्या कोडवा लोकांची रुंद ओडिकत्ती पाठीमागे पितळी अडकणीत बसते. फिनलंडच्या पूक्को सुरीचं चामडी म्यान इतकं खोल असतं की अर्ध्याहून अधिक मूठही आत जाते. बटण नाही, पट्टी नाही, चामड्याच्या पकडीवरच सुरी राहते. नेपाळी खुकरीच्या म्यानात लाकडाच्या दोन फळ्या आणि वर चामडं असतं, आणि मागे दोन लहान सोबती: कामाची कर्द आणि धार नीट करायचा बोथट चकमक.

खुकरी हाताळायची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण इथे चूक झाली तर बोटं जातात. खुकरीची धार आतल्या बाकाला असते. म्यान मुठीत आवळून धरलं की बोटांचा वेढा नेमका धारेच्या बाजूला पडतो. जुन्या म्यानाच्या फळ्या त्या बाजूने उकलल्या असतील, तर उपसताना पातं फटीतून थेट बोटांवर येतं. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरावं, बोटं धारेकडे वळू देऊ नयेत, आणि पात्याची पाठ म्यानाला घासत सावकाश बाहेर काढावं.

घेताना काय पाहायचं

पहिली सुरी साधी घ्या. दहा-बारा सेंटिमीटरचं सरळ पातं, अडीच-तीन मिलिमीटर जाड पाठ, मुठीला फार वळणं नाहीत. स्वीडनच्या मोरा भागातल्या सुऱ्या अशाच घाटाच्या असतात. आपल्याकडचा चांगला लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून याच घाटाची सुरी करून देतो, आणि मला विचाराल तर तिथूनच सुरुवात करावी. लोहाराच्या भात्याशेजारी बसून पात्याला पाणी देताना एकदा पाहिलं की पोलादाबद्दल जे समजतं, ते दुकानाच्या काचेतून समजत नाही.

पाणी नीट बसलंय का, हे तपासायला चांगली कानस पुरते. धारेजवळ कानस हलकेच फिरवा. ती घसरून गेली तर पोलाद कडक आहे. चावली, भुकटी पडली, तर पातं मऊ राहिलंय आणि धार दोन दिवसांत बसेल. विकणाऱ्याला विचारूनच हे करावं, आणि जुन्या मौल्यवान वस्तूवर कधीच करू नये.

मूठ हातात घट्ट धरून पातं लाकडावर हलकेच टेकवा. मुठीत किंचितही कंप किंवा कटकट जाणवली तर आतला सांधा सैल आहे. पात्याचं शेपूट मुठीच्या आत कुठवर गेलंय, हे दिसत असेल तर पाहा. टोकापर्यंत गेलेलं उत्तम. बारीक असूनही अखंड असेल तर चालतं. तिथे वेल्डिंगचा जोड असेल तर सुरी परत ठेवा.

दमास्कस नावाने विकल्या जाणाऱ्या लहरी नक्षीच्या पात्यांबाबत जपून. खरी नक्षी वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून येते, त्यामुळे ती पात्याच्या पाठीवरही उतरलेली दिसते. दोन्ही अंगांना लाटा आणि पाठ मात्र कोरी, असं असेल तर नक्षी वरवर उमटवलेली आहे. आपल्या दख्खनच्या, आताच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत पूर्वी मुशीत तयार होणारं पोलाद ही आणखी वेगळीच गोष्ट. त्याचं पाणीदार दिसणं मुशीत सावकाश निवलेल्या धातूच्या पोटातून येतं. तसं पातं चुकून हाती लागलंच तर त्याला पॉलिश पेपर लावू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा तालुक्याच्या आठवडी बाजारात, गंजलेली पाती बरीच दिसतात. वरचा तांबूस गंज तेल आणि पितळी चमच्याच्या कडेने निघतो. पात्याला खड्डे पडले असतील तर ते कायमचे. काळपट-निळसर साय मात्र गंज नव्हे. ती पोलादाचं रक्षण करते आणि वय सांगते, तिला हात लावू नये.

कायद्याच्या चार गोष्टी

हे वगळून पुढे गेलात तर छंद महागात पडेल. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, त्यात खुकरी नावानिशी आली, शस्त्रांच्या वर्गात धरल्या जातात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी केलेली पाती यातून वगळलेली आहेत. मोठं पातं घेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि पावती जपून ठेवा. दुसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात. तेव्हा लहान सुरीही सार्वजनिक जागी बाळगता येत नाही. म्यान कितीही सुंदर झालं तरी ते कमरेला लावून गावातून फिरायचं नाही. नेआण करायची तर सुरी म्यानात, म्यान कापडात आणि ते सामानाच्या तळाशी.

तिसरी गोष्ट ट्रेकिंगवाल्यांना सहसा ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुरीही येते, आणि अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर दोन्ही अभयारण्यात मोडतात. तिथे सुरी घरी ठेवूनच जावं. आणि शंभर वर्षांहून जुनी कट्यार किंवा बिचवा हाती आला तर तो १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतो. परदेशी नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मंडळींनी आजोळची कट्यार बॅगेत टाकण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

चामडं

म्यानाला झाडपाल्यावर कमावलेलं चामडंच हवं. चामडं दोन तऱ्हांनी कमावतात, एक क्रोमियमच्या क्षारांनी आणि दुसरी सालीफळांच्या तुरट रसाने. पर्स, जॅकेट, मऊ बूट बहुधा क्रोमचे. क्रोमचं चामडं ओलं करून दाबलं तरी वाळल्यावर पुन्हा पसरतं, आकार धरत नाही, आणि त्यातले राहिलेले क्षार पात्याला गंज आणतात. झाडपाल्याचं चामडं ओलं झालं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की त्याच आकारात कडक होतं.

कोल्हापुरी चपलेचं चामडं याच घराण्यातलं. जुन्या पद्धतीत कातडं शिवून त्याची पिशवी करतात, आत बाभळीची साल आणि हिरडा घातलेलं पाणी भरतात आणि टांगून ठेवतात. रस हळूहळू कातड्यातून झिरपत राहतो. तमिळनाडूत तरवडाच्या सालीवर कमावण्याची परंपरा आहे. मुंबईत धारावीच्या चामडे बाजारात दोन्ही तऱ्हा मिळतात, पण नुसत्या शब्दावर घेऊ नये. कापलेली कड पाहा: निळसर-करडी असेल तर क्रोम, आतपर्यंत पिवळट-तपकिरी असेल तर झाडपाल्याची. पाण्याचा थेंब टाका, झाडपाल्याचं कोरं चामडं तो लगेच शोषून गडद होतं. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर कातरण जाळून पाहा. क्रोमची राख हिरवट येते.

जाडी लहान सुरीला ३ मिलिमीटर, मोठीला ४. म्हशीचं चामडं दणकट असतं आणि आपल्याकडे सहज मिळतं. पोटाकडचा भाग घेऊ नका, तो ताणला जातो. पाठीचा घ्या.

शिवण

मी केलेलं पहिलं म्यान दोन तुकडे समोरासमोर ठेवून शिवलं होतं. दिसायला छान. चौथ्यांदा सुरी आत सारली तेव्हा टाक्यांतून टोक बाहेर आलं आणि अंगठ्याच्या मुळाशी लागलं. आत जाणाऱ्या धारेने प्रत्येक वेळी दोरा थोडा थोडा कापला होता. तेव्हापासून धारेच्या बाजूला, दोन चामड्यांच्या मध्ये, त्याच जाडीची एक सेंटिमीटर रुंद मधपट्टी घातल्याशिवाय मी एकही म्यान शिवलेलं नाही. धार त्या पट्टीला टेकते, टाक्यांपर्यंत पोचत नाही. बाकी काही विसरलात तरी ही पट्टी विसरू नका.

जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यावर एक उभी रेघ मारा, ही म्यानाची घडी. सुरीची पाठ रेघेवर ठेवून धारेच्या बाजूची बाह्यरेषा काढा, मग काकांनी केलं तसं सुरीला पाठीवरून पलीकडे लोळवा आणि दुसरी काढा. दोन्ही रेषांच्या बाहेर दीड सेंटिमीटर सोडा: एक मधपट्टीचा, उरलेला चामड्याला वळायला. मूठ जाड असेल तर तोंडाशी आणखी अर्धा. पुठ्ठा कापून, दुमडून, कडेला चिमटे लावून सुरी आत-बाहेर करून पाहा. अडली तर पुठ्ठा बदला, तो फुकट आहे. मूठ निम्मी तरी आत जाऊ द्या. उथळ म्यानातून वाकताना सुरी घसरते.

चामडं रापीने किंवा धारदार कटरने एका ओढीत कापा. पट्ट्यात अडकवायचा फासा मागच्या अंगाला आत्ताच शिवून घ्या. घडी चिकटवल्यावर तिथे सुई पोचत नाही, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते. मग चप्पलवाले वापरतात ते सोल्युशन मधपट्टीला आणि दोन्ही कडांना लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असताना दाबलं तर जोड सुटतो.

कड पॉलिश पेपरने सपाट करून तिच्यापासून ४ मिलिमीटर आत रेघ ओढा. टाक्यांच्या खुणांसाठी जेवणाचा काटा कामाला येतो. त्याचे दात रेघेवर दाबत पुढे जायचं, शेवटचा दात पुढच्या खेपेच्या पहिल्या भोकात. तीन थर मिळून ९ मिलिमीटर जाडी होते. आरीने एवढं टोचायला मनगट लागतं. सरळ भोकं पडत नसतील तर दीड मिलिमीटरचं ड्रिल वापरा, त्यात कमीपणा नाही.

दोरा शिवणीच्या कितीतरी पट लांब घ्या, मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढा आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा निम्मा पलीकडे काढा. पुढच्या प्रत्येक भोकातून आधी उजवी सुई डावीकडे जाते, मग त्याच भोकातून डावी सुई उजवीकडे येते, आणि दोन्ही हात एकदम, सारख्या जोराने बाहेर ओढले जातात. क्रम कधी बदलायचा नाही. बदलला की टाका तिरका पडतो आणि लांबूनही दिसतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा किंचित मागे ओढून धरा, म्हणजे सुई दोऱ्याच्या पोटातून जाणार नाही. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे उसवत जातात. या शिवणीत दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून गेलेले असतात, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी तीन टाके उलटे येऊन दोरा कापा. बारा सेंटिमीटरच्या शिवणीला मला आजही तास लागतो, आणि आठवड्यातला तो तास मी कुणाला देत नाही.

पाण्यात घालणं

आता खरी गंमत. सुरीला तेलाचा हात पुसा आणि पातळ प्लॅस्टिकचे दोन थर घट्ट गुंडाळा. यात कुचराई नको. हिरडा आणि हिराकस मिळून आपल्याकडे पूर्वी काळी शाई करत, आणि इथेही तेच होतं: चामड्यातला हिरडा-बाभळीचा रस लोखंडाला भेटला की काळा डाग पडतो, तो पुढे जात नाही. लोखंडी घमेलं, गंजकट बादली याच कारणाने दूर ठेवा. प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घ्या, म्यान बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. झटकून सुरी आत सारा.

मग अंगठ्यांनी मुठीभोवती दाबत चला. मूठ जिथे पात्याला भेटते तिथे चामडं आत जाऊ द्या, तीच पुढे सुरीची पकड होणार आहे. नखं लावू नका, ओल्या चामड्यावर नखाची चंद्रकोर उमटते आणि राहते. चमच्याची पाठ वापरा. अर्ध्या तासाने सुरी काढून म्यान सावलीत, वाऱ्यावर ठेवा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन. ऊन किंवा केस वाळवायचं यंत्र दाखवलं तर चामडं आखडतं आणि तडकतं. पूर्ण वाळल्यावर सुरी घाला. नीट जमलं असेल तर शेवटच्या अर्ध्या इंचाला थोडा जोर लागतो आणि मग हलकासा 'टक' आवाज येतो. म्यान उलटं धरून झटका. सुरी जागची हलली नाही तर काम झालं.

कडा बारीक पॉलिश पेपरने घासून, डिंकाचं पातळ पाणी लावून, गुळगुळीत लाकडाने जोरात घासा. काचेसारखी चकाकी येते. टोकाशी एक बारीक भोक पाडा, आत गेलेलं पाणी निघून जाईल. शेवटी मेणाचा पातळ हात. तेल भरपूर पाजू नका, म्यान मऊ पडून पकड सोडतं.

ठेवणं

म्यान नेण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. चामडं हवेतला ओलावा धरतं, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात म्यानात राहिलेलं पातं श्रावणापर्यंत ठिपक्यांनी भरतं. माझ्या एका मित्राच्या घरची पणजोबांची कट्यार अशीच, मखमली म्यानात वर्षानुवर्षं बंद राहून, खड्ड्यांनी खाल्ली गेली. सुरी पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात लावून, सुती कापडात वेगळी ठेवा. म्यान शेजारी, तोंड उघडं. खोबरेल तेल चार दिवसांना ठीक. जास्त दिवस ठेवलं की खवट आणि चिकट होतं. स्वयंपाकाची सुरी असेल तर वापरण्याआधी धुऊन घ्यावी.

जुन्या कट्यारीच्या म्यानाला लाकडाची फळी, वर मखमल, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाशी धातूची तहनाळ असते. त्यांची जोडणी कशी आहे हे पाहायचं तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात सवडीने जा. तिथले अडकित्ते पाहायला सगळे थांबतात, पण म्यानांच्या शिवणीसमोरही थोडं थांबा: जोड मागच्या अंगाला कसा लपवलाय, तोंडाशी मखमल कशी मुडपलीय. अशी जुनी म्यानं दुरुस्त करू नयेत. पात्यासाठी दुसरं, साधं म्यान शिवावं आणि जुनं तसंच जपावं.

तुमच्या स्वतःच्या म्यानाकडे मात्र वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी सगळं बाहेर काढाल तेव्हा, उजेडात पाहा. तोंडाकडचे पहिले दोन टाके सगळ्यात आधी झिजतात. दोरा केसाळ दिसू लागला की तेवढेच चार टाके उसवून त्याच जुन्या भोकांतून नवा, मेण लावलेला दोरा घाला. अर्ध्या तासाचं काम आहे.